मोढेऱ्याचे ऊन आणि आपले लाईटबिल

गुजरातेत मेहसाणा नावाचा जिल्हा आहे. एरंडी, मोहरी, जिरे आणि दुभत्या म्हशी यांचा हा मुलूख. स्वातंत्र्यापूर्वी हा सारा भाग बडोद्याच्या गायकवाडांच्या राज्यात होता, त्यामुळे मराठी माणसाला अगदीच परका नाही. या जिल्ह्यात पुष्पावती नदीच्या काठी मोढेरा हे गाव आहे. सुमारे हजार वर्षांपूर्वी तिथे सूर्याचे देऊळ उभे राहिले. आणि ९ ऑक्टोबर २०२२ रोजी हेच गाव चोवीस तास सूर्याच्या विजेवर चालणारे देशातले पहिले गाव म्हणून जाहीर झाले. संक्रांतीनंतर मी ते गाव पाहून आलो. जे पाहिले ते तुम्हाला सांगणार आहे. पण मी तिथे का गेलो, ते आधी सांगायला हवे.

माझी धाकटी बहीण सांगली जिल्ह्यात खानापूर तालुक्यातल्या एका गावी राहते. दाजी जाऊन सहा वर्षे झाली. घरी ती, माझा भाचा, दोन म्हशी आणि तीन एकर रान. दिवाळीला गेलो तेव्हा तिने एक कागद माझ्यापुढे ठेवला. तालुक्याहून एक माणूस येऊन गेला होता. घराच्या स्लॅबवर तीन किलोवॅटची सोलर यंत्रणा बसवा, खर्च एक लाख नव्वद हजार, सरकारी अनुदान अठ्ठ्याहत्तर हजार, उरलेल्याला बँकेचे कर्ज. बिल शून्य होईल, असे त्याचे म्हणणे. बहिणीने सारे सांगितले आणि हळूच विचारले, "दादा, ते गोबरगॅससारखं तर होणार नाही ना?"

मंडळी, तो प्रश्न मला झोंबला, कारण तो गोबरगॅस मीच तिच्या गळ्यात घातला होता. १९९७ साली मी नोकरीत नवा होतो. मार्चअखेर लक्ष्यांक पुरा करायचा होता, आणि घरचीच माणसे हक्काची म्हणून दाजींना तयार केले. खड्डा खणला, लोखंडी ड्रम बसला, कर्ज झाले. पाच-सहा वर्षे चूल निळ्या ज्योतीने पेटली, हेही खरे. मग २००३ चा दुष्काळ आला. चारा नाही, पाणी नाही. जनावरे विकावी लागली. जनावरे गेली, शेण गेले, गॅस बंद झाला. कर्जाचे हप्ते मात्र चालूच राहिले. आज तो ड्रम परसात गंजून पडला आहे आणि त्यात कोंबड्या अंडी घालतात. इतक्या वर्षांत बहिणीने मला एका शब्दाने बोल लावला नव्हता. म्हणून या वेळी ठरवले की, कागद वाचून सल्ला द्यायचा नाही. आधी डोळ्यांनी पाहायचे, मग हिशेब करायचा.

देवळाच्या गावी

आमच्याकडच्या पशुपालकांची अभ्यास सहल दुधाचा कारभार पाहायला मेहसाण्याला निघाली होती, तिच्याबरोबर मी गेलो. पुण्याहून रेल्वेने अहमदाबाद आणि तिथून मोटारीने मेहसाणा. एक दिवस मोकळा मिळाला, तो मी मोढेऱ्यासाठी राखला. मेहसाण्याहून गाव पंचवीस किलोमीटरवर आहे. रस्ता सरळ, जमीन तळहातासारखी सपाट. दोन्ही अंगांना एरंडी आणि फुलात आलेली मोहरी. विंधन विहिरी मात्र शेकडो फूट खोल. पाणी इतके खाली गेले की ते वर आणायला वीज किती लागते, हे इथल्या शेतकऱ्याला सांगावे लागत नाही.

आधी देऊळ पाहिले. सोळंकी घराण्यातल्या पहिल्या भीमदेवाच्या काळातले हे काम. गाभाऱ्याच्या भिंतीत उलटा बसवलेला एक लेख आहे, त्यावर विक्रम संवत १०८३ असे आहे. म्हणजे इसवी सन १०२६-२७. समोर चौकोनी कुंड, उतरत्या पायऱ्यांचे. पायऱ्यांवर लहान लहान देवळ्या, एकशे आठ आहेत म्हणतात. देवळाचे तोंड उगवतीला आहे. दिवस आणि रात्र सारखी असते त्या सुमारास, म्हणजे मार्च आणि सप्टेंबरात, पहिले ऊन थेट गाभाऱ्यात शिरावे अशी मांडणी असल्याचे सांगतात. आत आज मूर्ती नाही आणि पूजाही होत नाही.

कुंडाच्या पायरीवर बसून मी विचार करीत होतो. ज्यांनी हे बांधले त्यांनी आधी ऊन मोजले. कोणत्या महिन्यात ते कुठून येते, सावली कुठे पडते, हे वर्षभर पाहिल्याशिवाय असा दगड बसत नाही. आपण मात्र छपरावर लाखाची वस्तू बसवताना सावलीही मोजत नाही.

घराघरावर एक किलोवॅट

गावात शिरलो. संक्रांतीचे पतंग अजून तारांवर लटकत होते, काही तर छपरावरच्या पॅनेलच्या सांगाड्यात अडकले होते. कौलारू घर असो की स्लॅबचे, वर निळसर काळ्या काचा दिसतात. या योजनेत तेराशेंहून अधिक घरांवर प्रत्येकी एक किलोवॅटची यंत्रणा बसवली आहे, आणि घरवाल्यांना त्यासाठी पैसे द्यावे लागले नाहीत.

आमच्या मोटारवाल्याच्या ओळखीने एका घरी गेलो. "आवो भाई, बेसो," म्हणत घरच्या बाईंनी खाट टाकली, चहा आणला. बोलणे मोटारवाला समजावून देत होता. मी विचारले, "बेन, बिलात फरक पडला का?" त्या म्हणाल्या, "निम्म्याहून खाली आलं. हिवाळ्यात पंखे बंद असतात, तेव्हा काहीच भरावं लागत नाही." मग त्यांनी मला जिन्याने वर नेले. काच आरशासारखी लख्ख होती. दर आठवड्याला पहाटे, काच गार असताना, त्या पाण्याने धुऊन ओल्या फडक्याने पुसतात. "म्हशीचं दूध काढायचं तर तिला धुवायलाही लागतं ना, भाई?" असे हसत म्हणाल्या.

दोन घरे सोडून एका म्हाताऱ्या आजोबांच्या घरी गेलो. तिथल्या काचेवर धुळीचा थर होता. जिना नाही, बाहेरून शिडी लावावी लागते. आजोबा म्हणाले, "गुडघे चढू देत नाहीत, आणि मुलगा सुरतेला असतो." मी ते वहीत टिपून घेतले. यंत्र दोन्ही घरी सारखेच, ऊनही सारखेच. पण एका घरात जिना आहे आणि दुसऱ्या घरात नाही.

रात्रीची वीज कुठून येते?

तुम्ही विचाराल, रात्री सूर्य मावळल्यावर काय? त्याचे उत्तर गावाबाहेर आहे. जवळच्या सुज्जनपुऱ्यात सरकारने दिलेल्या सुमारे बारा हेक्टर जमिनीवर सहा मेगावॅटचे सौर केंद्र आहे आणि पंधरा मेगावॅट-तास वीज साठवणारी मोठी बॅटरी आहे. दिवसा तयार झालेली वीज आधी गावाला जाते, उरलेली बॅटरीत साठते आणि रात्री गावाला मिळते. या साऱ्याला ८० कोटी ६६ लाख रुपये लागले. निम्मे केंद्राचे, निम्मे गुजरात शासनाचे.

मी तिथेच ढोबळ भागाकार केला. तेराशे घरांनी भागले तर घरामागे सहा लाखांच्या वर रक्कम जाते. या पैशात रस्त्यावरचे दिवे आले, कचेऱ्या आल्या, शेजारच्या वाड्या आल्या, हे कबूल. तरी इतका खर्च तुमच्या-माझ्या घराला पेलणारा नाही. आपल्याकडेही सातारा जिल्ह्यात पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी २०२४ मध्ये राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. अशी गावे पाहावीत, शिकावे. पण त्यांचा एकूण खर्च पाहून घाबरू नये, आणि त्यांचे शून्य बिल पाहून हुरळूनही जाऊ नये.

आपल्याला बॅटरीची गरज बहुधा नसते. आपल्या घरी नेट मीटर बसतो. दुपारी घरात माणूस नसते, पण छपरावर वीज तयार होत असते. ती तारेतून बाहेर जाते आणि मीटर तिची नोंद ठेवतो. रात्री आपण तारेतून वीज घेतो, तिचीही नोंद होते. महिन्याला दोन्हींची वजाबाकी. म्हणजे सुगीला धान्य पेवात घालावे आणि लागेल तसे काढावे, तसा हा व्यवहार. पण एक लक्षात ठेवा. वर्षअखेर पेवात धान्य उरले तर त्याला भाव फार कमी मिळतो. म्हणून विकण्यासाठी वीज पिकवायला जाऊ नका.

आणि दुसरी गोष्ट, जी विकणारा बहुतेक सांगत नाही. बॅटरी नसलेली यंत्रणा लाईट गेली की बंद पडते, भर दुपारीसुद्धा. तसे नसते तर खांबावर चढलेल्या वायरमनला तुमच्या छपरावरच्या विजेचा झटका बसला असता. गावात दिवसाआड लाईट जात असेल आणि तेवढ्यासाठी सोलर घ्यायचे मनात असेल, तर ते दुखणे याने बरे होणार नाही.

कागदावरचा हिशेब

रात्री मेहसाण्याच्या मुक्कामी मी वही उघडली. बहिणीची बारा महिन्यांची बिले बरोबर नेली होती. घरात पंखे, दिवे, टीव्ही, फ्रीज, बोअरची छोटी मोटर आणि कडबाकुट्टी. महिन्याला सरासरी १७० युनिट. पहिल्या शंभर युनिटांना वहन आकार आणि कर धरून युनिटाला सुमारे सात रुपये पडतात, त्यापुढच्या युनिटांना सुमारे तेरा. म्हणजे पहिल्या शंभराचे सातशे, वरच्या सत्तरचे नऊशे दहा. एकूण सोळाशे दहा. शिवाय स्थिर आकार, तो सोलर असले तरी भरावाच लागतो.

एक किलोवॅटची यंत्रणा आपल्याकडे दिवसाला सुमारे चार युनिट देते, म्हणजे महिन्याला १२०. पावसाळ्यात कमी, उन्हाळ्यात जास्त. ही वर्षाची सरासरी आहे. केंद्राच्या फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झालेल्या सूर्यघर योजनेत एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन किंवा त्याहून मोठ्या यंत्रणेला ७८,००० रुपये अनुदान आहे. बाजारभाव गावोगाव वेगळे असतात. बहिणीसाठी मी जे भाव विचारले त्यांवरून हिशेब असा झाला.

तीन किलोवॅट: एक लाख नव्वद हजारांतून अनुदान वजा जाता एक लाख बारा हजार. वाचणार महिन्याला सोळाशे दहाच, कारण वापर तेवढाच आहे. पैसे फिटायला जवळजवळ सहा वर्षे. सात टक्क्यांनी पाच वर्षांचे कर्ज काढले तर हप्ता बावीसशेच्या घरात. म्हणजे बिलात वाचणार सोळाशे आणि हप्त्याला जाणार बावीसशे.

दोन किलोवॅट: एक लाख तीस हजारांतून साठ हजार वजा जाता सत्तर हजार. वाचणार तेच सोळाशे दहा. फिटायला साडेतीन ते पावणेचार वर्षे.

एक किलोवॅट: सत्तर हजारांतून तीस हजार वजा जाता चाळीस हजार. वाचणार १२० युनिट. त्यातली सत्तर महागाची, पन्नास स्वस्ताची. महिन्याला बाराशे साठ. पावणेतीन वर्षांत पैसे मोकळे.

पाहिलेत? पहिला किलोवॅट महागड्या युनिटांना खातो, म्हणून तो सर्वांत लवकर फिटतो. दुसरा स्वस्त युनिटांवर चालतो, म्हणून त्याला वेळ लागतो. तिसऱ्याला खायला बहिणीच्या घरी काहीच नव्हते. दोन म्हशींच्या चाऱ्यावर चार म्हशी आणून बांधाव्यात, तसला तो प्रकार. त्या माणसाने खोटे सांगितले नव्हते. बिल खरेच शून्याजवळ आले असते. पण हप्ता आला असता, हे त्याच्या कागदावर नव्हते.

आता ज्यांच्या घरी महिन्याला पन्नासच युनिट जळतात, त्यांचा हिशेब करा. वाचणार महिन्याला साडेतीनशे. चाळीस हजार फिटायला नऊ वर्षांवर. अशा घराने कर्ज काढून घाई करू नये. कमी वापराच्या काही कुटुंबांना राज्य शासनाचीही वेगळी मदत मिळते, तिची चौकशी वीज कंपनीच्या कार्यालयात आधी करावी. आणि हे सारे घरच्या मीटरचे झाले. रानातल्या पंपाचा जोड वेगळा, त्याच्या योजना वेगळ्या. छपरावरच्या वजाबाकीत पंपाचे बिल येत नाही.

पैसे देण्याआधी

मोढेऱ्याहून आणलेली टिपणे थोडक्यात देतो.

बारा महिन्यांची बिले काढा आणि सरासरी युनिट पाहा. त्यावरून यंत्रणेचा आकार ठरवा, विकणाऱ्याच्या सांगण्यावरून नव्हे.

सकाळी नऊ ते दुपारी चार छपरावर सावली कुठे पडते ते हिवाळ्यातही पाहा, कारण तेव्हा सावली लांब असते. एका पॅनेलवर नारळाची किंवा टाकीची सावली आली तरी जोडीच्या पॅनेलांची वीजही घटू शकते.

एका किलोवॅटला शंभर चौरस फुटांच्या आसपास मोकळी जागा लागते. वर जायला जिना हवा. पुसणारा माणूस घरात हवा. जुन्या कौलांवर किंवा कुजलेल्या वाशांवर वजन घालू नका. वळवाच्या वाऱ्यात सांगाडा उडणार नाही असा पक्का रोवून घ्या. अर्थिंग आणि वीजरोधक विसरू नका.

अनुदान यंत्रणा चालू झाल्यानंतर खात्यात जमा होते. तोवरचा पूर्ण पैसा आपल्यालाच उभा करावा लागतो, हे धरून चाला. अनुदानासाठी पॅनेल देशी बनावटीचे लागते. ते बिलावर लिहून घ्या. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते, पण इन्व्हर्टर मध्ये एकदा बदलावा लागेल असे समजून थोडे पैसे बाजूला टाका.

आणि बिल कोणाच्या नावावर आहे ते पाहा. अर्ज त्याच नावाने करावा लागतो. आपल्या गावांत निम्मी बिले अजून वारलेल्या माणसांच्या नावाने येतात.

परत आल्यावर

परतल्यावर मी वही घेऊन बहिणीकडे गेलो. तीन हिशेब तिच्यापुढे मांडले. ती सातवीपर्यंत शिकलेली, पण दुधाचा आणि उधारीचा हिशेब बोटांवर ठेवणारी. सारे ऐकून तिने एकच विचारले, "म्हशी विकल्या तर हे बंद पडंल का?"

मी म्हणालो, "नाही. याला ऊन लागतं. ते दुष्काळात उलट जास्तच असतं."

"आणि हप्ता?"

"एक किलोवॅट घेतलास तर आठशेच्या आत. बिलात बाराशे वाचतील."

ती हसली. "मग मोठं नको. एकच बसव. जिन्याच्या बाजूला बसव, म्हणजे मला पुसता येईल." मग थोडे थांबून म्हणाली, "दादा, गोबरगॅसचं मनाला लावून घेऊ नकोस. पाच-सहा वर्षं तरी माझे डोळे धुरापासून वाचले की."

वाचकहो, मला त्यावर काही बोलता आले नाही.

काम मात्र लगेच झाले नाही. लाईटबिल तिच्या सासऱ्यांच्या नावावर होते, आणि सासरे जाऊन वीस वर्षे झालेली. मृत्यूचा दाखला, वारसांची संमती, घराचा उतारा, असे कागद गोळा करीत भाच्याने चार खेपा घातल्या. गेल्या महिन्यात नवे बिल आले. बहिणीने फोन करून सांगितले, सोलरचे नव्हे, बिलाचे. रान दाजींच्या नावाने, घर सासऱ्यांच्या नावाने, रेशनकार्डावरही पहिले नाव सासऱ्यांचेच. "दादा," ती म्हणाली, "या घरात पहिल्यांदा एका कागदावर माझं नाव पहिलं आलंय. लाईटबिलावर."

पॅनेल आता बसतील. ते किती युनिट देतात ते दर महिन्याला वहीत मांडायला मी तिला सांगितले आहे. तुम्हीही आधी वही करा, मग छप्पर पाहा आणि सर्वांत शेवटी विकणाऱ्याला बोलवा. ऊन फुकट आहे, वाचकहो. यंत्र फुकट नाही. म्हणून जेवढे बिल, तेवढेच यंत्र घ्यावे.